एकाच ओढ्याचे दोघे

आमचा सेप्टिमस रॉबसन, म्हणजे सेप, चाळीस वर्षं या गावात टपाल वाटत होता. दुसऱ्यांच्या बंद पाकिटांत काय असेल या विचारात इतकी वर्षं घालवल्यावर माणूस संशयी होणारच. सेप वाढदिवसाची भेटही आधी कानाशी हलवून बघतो.

निवृत्त झाल्यावर त्याने ओढ्याकाठी वाफा घेऊन लीक लावले. मनगटापेक्षा जाड अशा या कांदापातीचं सप्टेंबरात प्रदर्शन भरतं, आणि चषक जिंकणाऱ्याला गाव वर्षभर वाकून नमस्कार करतं. सेप अकरा वर्षं दुसरा येत होता. पहिला यायचा तो वरच्या वाफ्यातला मिलबर्न, जन्मभर बस चालवलेला.

जुलैत गावच्या पत्रकाने दोघांना 'रायव्हल', म्हणजे प्रतिस्पर्धी, म्हटलं. सेप पत्रक घेऊन मिस डॉड्सच्या वाफ्यावर गेला. बाईंनी शाळेत तीस वर्षं लॅटिन शिकवलेलं.

"अर्थ मला ठाऊक आहे, बाई. पण आत काय दडलंय?"

"ओढा," वेल बांधता बांधता बाई म्हणाल्या. "लॅटिनमध्ये रीवुस म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे शेजारी, ते रायव्हल."

सेपचा चेहरा उतरला. "म्हणजे रोमन लोकांनाही माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वरचा माणूस पाण्यात काहीतरी टाकतो ते."

"अरे, तुझं नावही लॅटिनच. सेप्टिमस म्हणजे सातवा."

"आम्ही भावंडं तिघंच," सेप म्हणाला, आणि बोटांवर पुन्हा मोजू लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ओढा सोडला. फाटकापाशी एकच नळ, तिथून तो झाऱ्या भरून आणू लागला. मिलबर्नने ते पाहिलं. सेपने ओढा सोडला म्हणजे पाण्यात नक्की काहीतरी आहे, असं ठरवून त्यानेही झारी उचलली.

"ओढ्याला काय झालंय रे?" नळावर त्याने विचारलं.

"तूच सांग की."

ऑगस्टभर दोघे असे रांगेत. सेपचे टपालात तयार झालेले पाय दिवसाला वीस खेपा घालत. मिलबर्नची कंबर महिन्याच्या शेवटी धरली, आणि त्याचे लीक सुकले.

चषक सेपला मिळाला. मिलबर्नने काठी टेकत येऊन हात पुढे केला. "काँग्रॅच्युलेशन्स, सेप."

सेप थेट बाईंकडे गेला. "हाही शब्द लॅटिनच ना? आत काय आहे?"

"सोबत आनंद करणं."

"सोबत?" सेपने चषक काखेत घट्ट आवळला आणि वळून मिलबर्नकडे पाहिलं.