नानांचा भरलेला तांब्या

"आबा, हात काढा! पायाला हात लावू नका!"

मी दारातूनच ओरडले. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. ओसरीवर कॉटवर नाना आडवे, पायाशी गावातले मालिश करणारे आबा, शेजारी वाटीत कोमट तेल. आबांचा तेलकट हात नानांच्या पोटरीवर पडणारच होता. भेटायला आलेली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. बाईमाणूस असून केवढ्यानं ओरडते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. असू दे. माझा आवाज तसाही मोठाच आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. जळगावला माझं क्लिनिक आहे, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी मी जाते. नाना एरंडोलजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. कडब्याच्या ट्रॉलीवरून पडले आणि नडगीच्या हाडाचं गुडघ्यापाशी येणारं डोकंच फुटलं. प्लेट टाकून ऑपरेशन झालं. त्या पायावर अजून भार द्यायचा नव्हता. पण भार द्यायचा नाही म्हणजे पडून राहायचं असं नाही, हे मी नानांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. घोटा वर-खाली करायचा, मांडी आवळायची, टाच गादीवरून ओढत गुडघा वाकवायचा. वॉकर धरून, चांगल्या पायावर, घरातल्या घरात हिंडायचं. पोटरी हलली की पायातलं रक्त वर ढकललं जातं. नाहीतर ते तिथंच साचतं.

मी आले की नाना सगळं बिनबोभाट करायचे. मधल्या दिवसांत मी फोन केला की त्यांचा मुलगा सुनील म्हणायचा, "ताई, सगळं चालू आहे." मला कधी शंका आली नाही.

आता मी वाकून दोन्ही पोटऱ्या पाहिल्या. एक नेहमीसारखी. दुसरी सुजून टणक, कातडी ताणलेली, हाताला गरम. हलकं दाबलं तर नाना कळवळले.

"कालपासून भारी दुखस, माय," नाना म्हणाले.

पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की पोटरी अशीच दिसते. गुठळी पायात आहे तोवर औषधानं आवरता येते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. शिकत असताना मी वॉर्डात एकाला तसं जाताना पाहिलंय. म्हणून तर ओरडले.

आबा रागावले होते. "रगत आखडेल शे, ताई. चोळं का मोकळं व्हई."

"तेच नकोय, आबा! ते मोकळं झालं की नाना गेले!"

बोलून गेले आणि जीभ चावली. नाना माझ्याकडेच बघत होते. आबांनी तेलाची वाटी उचलून कॉटखाली सरकवली.

मी अंगणात जाऊन सर्जनना फोन लावला. "सर, पोटरी सुजलीय, गरम आहे. दुसरी नॉर्मल."

"श्वास कसा आहे?"

"ठीक आहे. अजून तरी."

"चालवू नका, चोळू नका. उचलून गाडीत घाला आणि लगेच आणा. डॉपलर करू."

डॉपलर म्हणजे शिरांची सोनोग्राफी. रक्त वाहतंय की अडलंय ते त्यात दिसतं.

सुनील शेतातून धावत आला. त्यानं शेजाऱ्याची गाडी काढली. चौघांनी नानांना सतरंजीसकट उचललं. कॉटशेजारचा पितळी तांब्या काठोकाठ भरलेला तसाच होता. नानांचे ओठ मात्र सुकून फुटले होते. खान्देशातला मे महिना, सावलीत बसलं तरी अंगाची लाही होते, आणि हा तांब्या भरलेलाच? अंगात पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, गुठळी लवकर धरते.

"पाणी पितात की नाही?" मी सुनेला, रेखाला, विचारलं.

"मी भरून ठेवते, ताई. दिवसभर तस्साच राहतो. विचारलं की म्हणतात, ठेव, पिसू मंग." तिनं ते पाणी बाटलीत ओतून माझ्या हातात दिलं.

नाना मागच्या सीटवर आडवे. मी पुढच्या सीटवर उलटी बसून त्यांच्या छातीकडे डोळे लावले. छाती वर जात होती, खाली येत होती. हायवेवर पुढे कापसाच्या सरकीचे ट्रक रांगेनं. सुनील हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मनातल्या मनात मी पद्मालयाच्या गणपतीला काय काय कबूल केलं, ते इथं सांगत नाही.

"मी मरसू का वं, माय?" नानांनी हळूच विचारलं.

"काही होत नाही. पाणी प्या."

"पानी नको."

"नाना, आता हट्ट करू नका हं!"

"मंग गाडी कोठे थांबाडशी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सुनील सकाळी शेतात जातो, दिवेलागणीला येतो. दिवसभर घरात एकटी रेखा, डोक्यावर पदर घेऊन वावरणारी. लघवीला न्यायला तिला कसं सांगायचं? त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही.

"आणि व्यायाम?"

"बठ्ठा लोके भेटाले येतस. सूनना समोर पाय वर करू का मी?"

ऐंशी किलोचा हा माणूस लाजेपायी वाळत पडला होता! मला राग आला, रडूही आलं. सुनील पुढे बघून गाडी चालवत होता. त्याचे डोळे वाहत होते.

"आज गाडीत झाली तरी चालेल," मी म्हटलं. "प्या."

नानांनी बाटली तोंडाला लावली आणि एकदम खोकायला लागले. थांबेचनात. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. खोकला आणि धाप, हीच तर गुठळी फुप्फुसात पोचल्याची खूण!

"नाना! छातीत दुखतंय का? नाना, बोला!"

"पानी... नाकमा गयं."

मला हसायला आलं नाही. जळगाव येईपर्यंत मी त्यांचं मनगट सोडलं नाही.

गुठळी होतीच. पोटरीत सुरू होऊन गुडघ्याच्या मागे चढली होती. फुप्फुसापर्यंत मात्र ती पोचली नव्हती. रक्त पातळ करायची औषधं लगेच सुरू झाली आणि सरांनी परवानगी दिल्यावर मी नानांना पुन्हा वॉकरवर उभं केलं. ते घाबरत होते. खरं सांगते, मीही घाबरत होते.

घरी सोडताना मी सगळ्यांना समोर बसवून झाडलं. नंतर गेले तर ओसरीवर रेखानं जुन्या साडीचा पडदा बांधलेला. कॉटखाली तेलाच्या वाटीच्या जागी लघवीचं भांडं. दुपारी ते रिकामं करायला सुनील घरी येत होता. भेटायला आलेले पडद्याच्या अलीकडे बसून गप्पा मारत होते, पलीकडे नाना टाच ओढत होते. मधेच स्वयंपाकघरातून हाक आली, "नाना, पाय!"

"चालू शे!" पडद्याआडून उत्तर.

पाऊस लागला तेव्हा नाना काठी टेकत बांधावर गेले. गुडघा पूर्ण वाकत नाही. मांडी घालता येत नाही, म्हणून पंगतीत खुर्ची मागतात आणि चिडतात. चिडू देत, आहेत ना.

आता नव्या पेशंटकडे गेले की गुडघा नंतर बघते. आधी विचारते, "दिवसा घरी कोण असतं? लघवीला कोण नेतं?" माणसं चपापतात. हा प्रश्न आम्हाला कुठल्या पुस्तकात शिकवला नव्हता. उत्तराआधी माझी नजर कॉटच्या शेजारी जाते. तांब्या काठोकाठ भरलेला दिसला की लगेच दोन्ही पोटऱ्यांना हात लावून बघते.