थेंब न ठेवता

आप्पासाहेबांचं लहानपण ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत गेलं. हातात कोयता कायमचा यायच्या आत ते पाथर्डी सोडून सुप्याला आले आणि पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात लागले. वीस वर्षं फायबरवर रेझिन थापलं, मग रस्त्याकडेला स्वतःचं शेड टाकलं. टाकी चिरली, बंपर फुटला, धरणावरची होडी गळायला लागली, की माणसं त्यांच्याकडे यायची. त्यांचा एक नेम होता. अनोळखी माल आला की आत खरवडून रेझिनचा एक थेंब ठेवायचा, आतला माल विरघळत नाही ना हे तासभर बघायचं, मगच हात लावायचा. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी हा नेम त्यांनी मोडला नव्हता.

तो प्रणितानं मोडायला लावला.

तिची लेक दिशा मालवणला सर्फिंग शिकत होती. तिथल्या सरांचा सर्फबोर्ड सुट्टीत नगरला आणायची गळ प्रणितानंच घातली होती, सोसायटीत दाखवायला. गाडीच्या टपावरून उतरवताना तिच्याच हातून तो पायरीवर आपटला आणि टोकाला चीर गेली. उद्या पहाटे दिशा परत निघणार होती. सरांनी बोर्ड जसाच्या तसा परत मागितला होता, म्हणून मायलेकी तो घेऊन आप्पासाहेबांच्या शेडवर आल्या.

"आमच्या गावात प्यायला पानी न्हाई अन् तुमची लेक लाटंवर उभी ऱ्हाती व्हय!" आप्पासाहेब हसले. दिशाही हसली आणि चहा सांगायला समोरच्या टपरीवर गेली.

रेझिनात कालवून चीर भरायच्या पुडींचे तीन डबे त्यांनी पुढे मांडले. "शंखजिरं गच्च बसतं, पन जड. काचंचे तुकडे दम देत्यात, पन घासताना जीव घेत्यात. ही पोकळ काचंची पूड बघा, पिठावानी हलकी. फळीला हीच. रेझिनाचं मात्र थांबा. आत थर्माकोल असंल तर टाकीचं रेझिन त्याला खाऊन टाकतंय. मग इपॉक्सीच लागंल, अन् ते सुकायला उद्याची दुपार. आदी थेंब ठिवतो."

उद्याची दुपार म्हटल्यावर प्रणिता पुढे झाली. "अहो, सर्फबोर्डात थर्माकोल नसतो. पॉलियुरेथेनचा फोम असतो. मी केमिस्ट्रीची बीएस्सी आहे. थेंबबिंब राहू द्या, टाकीचंच लावा."

कुठेतरी वाचलेलं एक वाक्य तिनं असं छातीठोकपणे सांगितलं.

आप्पासाहेब क्षणभर घुटमळले. "तुमी शिकलेली मानसं," म्हणाले, आणि त्यांनी पूड कालवली.

चहा येईस्तोवर भरलेली जागा खचू लागली होती. दिशा धावत आली. चिरेच्या जागी वाटीएवढा खड्डा पडला होता आणि आतले थर्माकोलचे पांढरे दाणे विरघळून चिकट झाले होते.

"काका, हे काय केलंत?"

"चुकलं, पोरी. घाई झाली माजी."

प्रणितानं तोंड उघडलं, आणि मिटलं. दिशा तिच्यावर किती भडकेल, एवढंच त्या वेळी तिच्या मनात आलं. दिशानं सरांना फोन लावला, स्पीकरवर. "सर, इथल्या एका मिस्त्रीनं बोर्ड वितळवला."

"नाव दे त्याचं," सर म्हणाले. "ग्रुपवर टाकतो. होडीवालेही आहेत त्यात. कुणी जायला नको त्याच्याकडे."

आप्पासाहेब मान खाली घालून खड्डा कोरत होते. नाव स्वतःच सांगणार होते बहुधा, ओठ हललेही.

प्रणितानं फोन हिसकावून घेतला. "सर, मी दिशाची आई. ते थेंब ठेवून बघणार होते. मी ठेवू दिला नाही. बोर्ड आपटलाही मीच."

दिशानं फोन परत घेतला. ती आईकडे वळली. "आणि इतका वेळ तू गप्प होतीस?"

प्रणितानं पदर खोचला आणि आप्पासाहेबांजवळ गेली. "मी काही धरू का? घासायचा पॉलिश पेपर देऊ?"

"नगं, ताई," ते वर न बघता म्हणाले. "इपॉक्सी लावतो आता. उद्या दुपारी न्या. धूळ उडती हितं, तुमी भाईर बसा."

ती बाहेर जाऊन बाकड्यावर बसली. दिशा आतच थांबली.