नदीकडचं दार

सांगलीतली माणसं पुराला भितात ती नदीकडं तोंड करून. पुलाच्या खांबावरचे फुटांचे आकडे बघत ती कठड्याला टेकून उभी राहतात. कृष्णातला मात्र नदीकडं पाठ केली की भीती वाटायची. महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात तेवीस वर्षं काढल्यावर त्याला एवढं पक्कं कळलं होतं, की पाणी आधी घाटाच्या पायऱ्या चढून येत नाही. ते नाल्यातनं, मागनं येतं. संडासात गुडगुडतं, मोरीच्या जाळीतनं वर बघतं, आणि माणूस चपला शोधेपर्यंत घोट्याला लागतं.

नाला जिथं नदीला मिळतो तिथं एक लोखंडी दार होतं. वर सिमेंटचा कट्टा, कट्ट्यावर चाक. एरवी शहरातलं पावसाचं पाणी त्या दारातनं नदीत जायचं. नदी नाल्याच्या वर चढली की धार उलटी फिरायची. त्याआधी चाक फिरवून दार पाडायचं, आणि गल्ल्यांत साठणारा पाऊस पंपानं बांधावरनं नदीत टाकायचा. काम एवढंच. लवकर पाडलं तर वस्ती पावसात बुडते, उशिरा पाडलं तर नदीत. मागच्या मोठ्या पुरात दार पडायला अर्धा तास उशीर झाला होता. ‘एवढ्या पुरापुढं दाराचं काय चालतंय,’ असं सगळे म्हणाले. कृष्णातला ते कधी पटलं नाही.

त्याचं स्वतःचं घर दारापासून चारशे पावलांवर, नाल्याच्या कडेला. खालच्या खोलीत त्याची आई मनुबाई कॉटवर पडून होती. दोन वर्षांपूर्वी अंगावरनं वारं गेलं, तेव्हापासून डावी बाजू लुळी. वर पत्र्याची खोली होती, पण जिना अरुंद. गेल्या वर्षी एकदा उचलून नेताना तिचा श्वास असा अडकला, की डॉक्टरांनी हात जोडले. आता हिला हलवू नका, म्हणाले. म्हणजे पाणी कॉटपर्यंत येऊ द्यायचं नाही, हा एकच उपाय उरला होता.

ऑगस्टातल्या त्या दुपारी तीनला साहेबांचा फोन आला. धरणातनं पाणी वाढवलंय, दार पाडा. कृष्णात आणि पंपावरचा मानसिंग चाकाला भिडले. शेवटी चाक अडलं.

“बसलं का रं?” मानसिंगनं विचारलं.

“न्हाई. वीतभर ऱ्हायलंय.”

“जोर लाव की गड्या. सकाळी भाकरी खाल्ली न्हाईस व्हय?”

“मी खाल्ली. चाकानं न्हाई खाल्ली.”

दोघं हसले आणि लगेच खाली वाकले. खालनं आवाज येत होता. वीतभर फटीतनं नदी आत शिरत होती, बंद खोलीत कुणी पुटपुटावं तशी. कृष्णातनं दाराच्या दांड्यावर तळवा ठेवला. दार लोखंडावर बसलं की दांडा थरथरतो. आता तो मुका होता. दार कशावर तरी टेकलं होतं.

लांब बांबूचा आकडा घातला. आधी मऊ लागलं, मग कठीण. निघेना. तेवढ्यात त्याची बायको साळूबाई हिचा फोन आला.

“आवं, मोरीतनं पानी आलंय. आत्याबाईच्या कॉटच्या पायाला लागलं.”

“किती?”

“इटंएवढं. आवं, कवा येताय?”

त्यानं फोन ठेवला आणि कमरेला दोर बांधला.

“येडा झालास काय?” मानसिंग म्हणाला. “फटीत पाय गेला तर पायच हातात येईल.”

“मी हाक मारली की दोन फेरं वर घे. दोर हिसकला की सोड. त्याच्या आधी सोडू नगंस.”

“आनि माझा हात सुटला तर?”

कृष्णातनं कमरेची गाठ आवळली. शहराच्या बाजूच्या भिंतीतल्या लोखंडी पायऱ्या धरत तो उतरला. पाणी छातीला लागलं. ते थंड नव्हतं, अंगाएवढंच कोमट होतं, आणि त्याचीच त्याला शिसारी आली. त्यानं हाक मारली. वर चाक करकरलं, दार उचललं गेलं आणि नदीनं त्याला मागं ढकललं. एका हातानं पायरी धरून त्यानं बुडी मारली. दाराखालच्या खाचेत दुसरा हात घातला. डोक्यावर दोन टनांचं लोखंड, आणि ते मानसिंगच्या दोन मनगटांवर. बोटांना कापड लागलं. त्याला क्षणभर वाटलं, माणूस आहे. त्यानं ओढलं. गाठोडं सुटून आलं तसा त्यानं दोर हिसकला.

दार बसलं. दांडा थरथरला. पुटपुट थांबली.

कट्ट्यावर येऊन त्यानं गाठोडं सोडलं. हिरवी साडी, खण, नारळ, फुगलेले तांदूळ, आणि मधोमध एक अख्खी वीट.

“ओटी!” मानसिंग म्हणाला. “पर इट कशाला रं?”

कृष्णातला ते माहीत होतं. चार दिवसांपूर्वी साळूबाई नदीची ओटी भरायला निघाली, तेव्हा तोच तिला चिडवत म्हणाला होता, “भर, भर ओटी. खालच्या अंगाला पोरं टपलेलीच हायत. तुझी साडी परवा बाजारात परत इकायला येती का न्हाई बघ.” घाटावर पोलिसांनी दोर बांधलेला. म्हणून ती नवऱ्याच्या कट्ट्यावर आली असणार. नदी इथंही तीच, किस्नाबाईच की. आणि साडी कुणाच्या हाती लागू नये, सरळ तळाशी जावी, म्हणून तिनं वीट बांधली. साडीची दुहेरी गाठ तिचीच होती.

“टाक परत पान्यात,” मानसिंग हळूच म्हणाला. “ओटीतलं काडून घ्यायचं नसतंय.”

कृष्णातनं वीट बाजूला काढली आणि बाकीचं नदीच्या बाजूला सोडलं. साडी बुडाली नाही. पाण्यावर पसरून ती दाराशीच घुटमळत राहिली.

तो घरी आला तेव्हा पंप सुरू झाले होते. खोलीतलं पाणी उतरून फरशीवर चिखल राहिला होता. साळूबाई खराटा घेऊन वाकली होती, तोंडावर समाधान.

“बगितलं? ऐकलं किस्नाबाईनं. भरलेली ओटी पावली.”

कृष्णातनं तिच्याकडं बघितलं. आज दार एका विटेनं अडलं होतं, उद्या कशानंही अडलं असतं. त्यानं कॉटशी जाऊन आईच्या मानेखाली हात घातला.

“आवं, हे काय? डाक्टर काय म्हनल्यात? पानी उतरलंय की!”

“पाय धर,” तो म्हणाला.

“पर कशापाई?”

“धर म्हनतो न्हवं.”

मनुबाईचा एक डोळा त्याच्याकडं लागला होता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिचा श्वास अडकला. तो थांबला, तिच्या छातीला कान लावला. खाली मोरीची जाळी कोरडी होती. श्वास परत येईपर्यंत तो त्या जाळीकडंच बघत राहिला, आणि मग चौथी पायरी चढला.