होडीच्या फळ्यांतली माणसं

सुरीनामी काकांना त्यांची शिल्पं कुणी नुसती पाहिलेली चालत नसे. ते आधी डोळे मिटायला लावत आणि समोरच्याचा हात धरून लाकडावर ठेवत. "पहले उँगली, बिटिया. आँख बाद में." बोटांना छिन्नीच्या बारीक खाचा लागत. "यही हमार दस्तखत," ते म्हणत.

काकांचे आजोबा बिहारातून मजुरीला सुरीनामला गेले. काका तिथलेच. पुढे हॉलंडात चित्रकार-शिल्पकार म्हणून नाव झालं. म्हातारपणी आजोबांचं गाव शोधायला आले, ते सापडलं नाही, आणि कुणाच्या तरी ओळखीने राई या खाडीकाठच्या मासेमारीच्या गावात माझ्या सासऱ्यांच्या रिकाम्या घरात भाड्याने राहिले. मी रविवारी सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या फ्लॅटवरून जायची. किराणा, औषधं, वीजबिल, सगळं यादीप्रमाणे. यादी हातात घेऊन ते विचारत, "इसमें हँसना कहाँ लिखा है?"

राईतल्या एखाद्या घरची होडी मोडीत निघाली की तिची फळी ते मागून आणत, त्या घरातल्या माणसाचा चेहरा तिच्यात कोरत आणि त्याच घराला परत देत. हिराबाईंना त्यांच्या वारलेल्या वडिलांचा चेहरा मिळाला, वडिलांच्याच होडीतून. हिराबाई म्हणाल्या, "बा मेला तरी रुसलेलाच हाय!"

मग काकांचे हात थरथरू लागले. छिन्नी सुटली ती सुटलीच. त्याच सुमारास मुंबईतल्या एका संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. चित्रं हॉलंडहून येणार होती, पण काकांचा जीव राईच्या चेहऱ्यांसाठी ठेवलेल्या शेवटच्या दालनात होता. "राई के लोग एक बार साथ खड़े हों. फिर बुलावा आए तो आए."

चेहरे मुंबईला न्यायच्या दिवशी मी टेम्पो, गोधड्या, सुतळी असं सगळं तयार ठेवलं. घराघरांतून चेहरे बाहेर आले ते निळे, तांबडे, पिवळेधमक. दर्यावर सोडण्याआधी होडी रंगवतात, तसे सगळ्यांनी आपापले चेहरे रंगवले होते. होडीच्याच रंगाने, जाड हाताने.

"उघडानागडा बा मुंबईला धाडायचा?" हिराबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतील? कसा दिसतोय, काका?"

काकांनी डोळे मिटले, गालावरून बोटं फिरवली. गुळगुळीत. खाचा भरून गेल्या होत्या. बोटांना निळा रंग लागला.

"बहुत सुंदर," ते म्हणाले.

संग्रहालयातल्या बाईंनी मान हलवली. मूळ काम उरलं नाही, हे मांडता येणार नाही. काकांनी हात जोडून पाहिलं. मीही भांडले. शेवटचं दालन बंद राहिलं.

उद्घाटनाला राईची माणसं नवे कपडे घालून, बायका गजरे माळून आल्या आणि सगळे आपली माणसं शोधत प्रत्येक दालनात फिरले. काकांनी मला आधीच बजावलं होतं, "इनको मत बताना." त्यांना म्हणाले, "जगह कम पड़ गई."

"येवढ्या मोठ्या घरात जागा न्हाय?" हिराबाई फणकारल्या. काका हसले. परतीच्या वाटेवर गाडीत मात्र बोटं अंगठ्यावर घासत बसले होते, बोटांत काही शोधत असल्यासारखे.

पुढच्या होळीपर्यंत ते जगले नाहीत.

चेहरे राईत परत आले. दर वर्षी होड्यांबरोबर त्यांनाही रंगाचा एक हात मिळतो. रुसलेल्या बाचं नाक आता जेमतेम ओळखू येतं. परवा मी गेले तेव्हा हिराबाई ब्रश घेऊनच बसल्या होत्या.

"काकांना रंग लय आवडला व्हता ना, ताई?"

"हो," मी म्हटलं, आणि रंगाचा डबा धरला.