बुधवारचे गृहस्थ

कवळ्या बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाचं तोंड सहसा दिसत नाही. डॉक्टरकडून येतो तो जबड्याचा ठसा आणि सोबत एक चिठ्ठी. त्यावर प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, शिजवायचं, घासायचं, चकाकी आणायची आणि डबीत घालून परत पाठवायचं. पुढे ते दात कुणाच्या लग्नात हसतात की कुणावर दातओठ खातात, हे बनवणाऱ्याच्या कानावर येत नाही. पस्तीस वर्षं हेच काम केलेल्या एक बाई होत्या. सगळे त्यांना दातवाल्या बाई म्हणत. बोलायच्या कमी, काम चोख, आणि एकदा मनाने घेतलं की कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत.

मंडळीला वीस वर्षं होणार म्हणून एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलं, तेव्हा इतिहास लिहायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. इमारतीला तिथे कुणी फारसं विचारत नव्हतं, कारण इमारत अशी कधी धड नव्हतीच. सुरुवातीला नऊजण होते. त्यातले तिघे देवाघरी गेले, दोघं परदेशी, आणि उरलेल्यांत लिहिताना हात थरथरत नाही अशा बाई एकट्याच. कामाला होकार देताना त्या म्हणाल्या, "लिहीन, पण गोड करून लिहिणार नाही."

आणि गोड करण्यासारखं त्यात फार नव्हतंही. बाई आणि एक नर्स, दोघी एका घरात राहत. मैत्रिणी म्हणून राहतात असं, आधी त्या ज्या मोठ्या चर्चमध्ये जात तिथल्या लोकांनी सात-आठ वर्षं मानून घेतलं होतं. माणसाला न बघायचं असलं की डोळ्यांसमोरचा डोंगरही दिसत नाही. पण नर्सच्या एका मोठ्या दुखण्यात बाईंनी दवाखान्याच्या कागदावर 'जोडीदार' असं लिहिलं, तो कागद कुणीतरी पाहिला, आणि पुढच्या महिन्यात पंचांची बैठक बसली. या दोघींना प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीला, बसू द्यायचं की नाही, एवढाच विषय. तिथले तरुण पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, "जेवण माझं नाही, मी कुणाला उठवणार?" पंचांनी हात वर करून मत दिलं. 'नाही'च्या बाजूने सातपैकी सहा हात वर गेले, आणि त्यातला एक बाईंच्या सख्ख्या मोठ्या भावाचा होता. दादाने त्या वेळी बहिणीकडे पाहिलं नाही. तो छताच्या पंख्याकडे पाहत होता.

पाळकांची नोकरी गेली. त्यांच्याबरोबर नऊजण बाहेर पडले. पहिली उपासना बाईंच्या कारखान्यात झाली. कारखाना कसला, दीड खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंनी प्रार्थनेआधी ते सगळे भिंतीकडे तोंड करून ठेवले, कारण म्हणे डोळे मिटले तरी हे हसताहेत असं वाटतं. त्यानंतर चार वर्षं गाडी शिकवणाऱ्या शाळेचा वर्ग मिळाला. तिथे 'वेग आवरा' या पाटीखाली उभं राहून पाळक लांबलचक प्रवचनं देत, आणि एकदाही आवरत नसत. शेवटी टायरचं एक जुनं गोदाम भाड्याने मिळालं. रबराचा वास अजून पुरता गेलेला नाही, पण नऊचे शंभर झाले.

या सगळ्यात बाईंना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. मोठ्या चर्चमध्ये नवीन माणूस दारात आला की त्याची उलटतपासणी व्हायची: कुणाच्या घरातले, लग्न झालंय का, मग बायको कुठे आहे, आधी कुठे जायचात. विचारणारे प्रेमानेच विचारत, पण चारदा उत्तर देऊन थकलेला माणूस पाचव्यांदा येत नसे. म्हणून दुसऱ्याच रविवारी बाईंनी स्वतःच्या हाताने नियम लिहून भिंतीला लावला: दारात कुणालाही काहीही विचारायचं नाही. नावसुद्धा नाही. गीतांचं पुस्तक हातात द्यायचं आणि 'बसा' म्हणायचं. ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेल.

दाराशी उभं राहायचं काम पुढे एका निवृत्त बस कंडक्टरकडे आलं. ज्याने उभा जन्म 'कुठे जायचं?' हाच प्रश्न विचारला, त्याच्या तोंडाला हे कुलूप. पण खात्याचा माणूस, नियम म्हणजे नियम. कंडक्टर स्वतः या मंडळीत कसे आले, हेही कुणाला आजवर माहीत नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

इतिहासात न लिहिण्यासारखी एक गोष्ट बाईंच्या मनात होती. दादाने एकदा यावं. माफी मागावी असंही नाही, नुसतं येऊन मागे बसावं. आई गेल्यावर बाईंना दादानेच वाढवलं होतं, वेणीसुद्धा तोच घालायचा, वेडीवाकडी. वीस वर्षं त्या दर रविवारी दार दिसेल अशाच जागी बसल्या. नर्सच्या हे लक्षात आलं होतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

पुस्तिका अर्धी लिहून झाली आणि दादा गेला. कुणी कळवलं नाही. बाईंनी वर्तमानपत्रात फोटो पाहिला. दफनभूमीत दोघी मागे, फाटकाजवळ उभ्या राहिल्या. वहिनीने पाहिलं आणि मान वळवली. परत निघताना बाईंना गर्दीत कंडक्टर दिसले, इस्त्रीचा कोट घालून, हातात टोपी.

"तुम्ही इथे कसे?" बाईंनी विचारलं.

"आमचे बुधवारचे गृहस्थ गेले ना. पेपरात फोटो पाहिला तेव्हा नाव कळलं." मग कंडक्टरांनी बाईंचा चेहरा पाहिला. "तुमचे कोण?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मंडळीतल्या माणसाला प्रश्न विचारला असेल. नर्सने सांगितलं, "भाऊ."

बुधवारी संध्याकाळी नंतर आलेल्या लोकांची छोटी प्रार्थनासभा असे; पाळक किंवा पहिल्या नऊजणांपैकी कुणी तिला नसत. बाईही तिला कधीच जात नसत. मेणातले दात रुग्णाच्या तोंडात बसवून बघायचा तो वार, बाई दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसत आणि आतून डॉक्टर ओरडत, "डावीकडचा जरा वर घ्या." तिकडे त्या कुणाचे तरी दात वर घेत असताना इकडे गोदामात शेवटच्या बाकावर त्यांचा दादा बसत होता. एक वर्ष आणि वर तीन महिने. आणि तिथे असलेल्या एकालाही तो कोण हे ठाऊक नव्हतं, कारण बाईंनीच तसा नियम लिहिला होता.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर नर्स उभी राहिली. एरवी ती सभेत चकार शब्द काढायची नाही. "हा नियम बदला," ती म्हणाली. "निदान नाव तरी विचारा. एवढं एक नाव विचारलं असतं, तर हिला भाऊ मिळाला असता." बऱ्याच माना हलल्या. पाळकांचे केस आता पांढरे झाले होते. तेही म्हणाले, की नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो. मत घ्यायचं ठरलं.

तेवढ्यात कंडक्टर पुढे आले. "मत घेण्याआधी मला एक सांगायचंय. मी त्यांना काही विचारलं नाही. पण त्यांनी मला विचारलं होतं, दोनदा."

"पहिल्या बुधवारी दारातच म्हणाले, दातांचं काम करतात त्या बाई आज असतात का? मी म्हटलं, नाही, त्या रविवारी. तेव्हा आत येऊन बसले." बाईंकडे बघायचं कंडक्टरांनी टाळलं. "आणि अगदी शेवटी, आजारी पडायच्या आधी, जाता जाता म्हणाले, रविवारी किती वाजता असतं? मी म्हटलं, दहाला."

"मग?" पाळकांनी विचारलं.

"मग काही नाही. मान हलवली आणि गेले."

नर्सने बाईंचा हात धरला. बाई उठल्या, आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाल्या, "नियम आहे तसाच राहू द्या."

"अगं पण," नर्स म्हणाली.

"मी नसते तो वार त्याने शोधून काढला. दारात त्याला नाव विचारलं असतं, तर तो नाव सांगून आत आला असता असं वाटतं तुला? मी त्याला ओळखते. तो तसाच पायऱ्या उतरून गेला असता आणि पुन्हा फिरकला नसता. कुणी विचारलं नाही म्हणून तो सव्वा वर्ष आला. मला नाही मिळाला. पण आला. मला राग येतो त्याचा, अजून येतो. पण दार तसंच राहू द्या."

मत घ्यायची वेळच आली नाही. लोक एकेक करून उठले.

पाळकांनी नंतर सुचवलं की ही गोष्ट पुस्तिकेत घालावी. वाचणाऱ्यांच्या काळजाला भिडेल. बाईंनी साफ नकार दिला. त्याने नाव सांगितलं नव्हतं, ते छापायचा आपल्याला काय अधिकार? वहिनीकडे जावं असं त्यांच्या मनात आलं, त्या तिच्या फाटकापर्यंत जाऊनही आल्या, पण तिला सांगायचं काय? तो तिथे प्रार्थनेत काय मागायचा, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

पुस्तिकेचा मजकूर छापखान्यात द्यायच्या आदल्या दुपारी बाई शेवटचं वाचन करत बसल्या. बुधवारच्या सभेबद्दल त्यांनी अंदाजाने लिहिलं होतं: 'अलीकडच्या वर्षांत बुधवारी साधारण दहाजण नेमाने येत असत.' त्यांनी फोन करून कंडक्टरांना विचारलं. कंडक्टरांनी बोटांवर मोजलं असावं, वेळ लागला. मग म्हणाले, "ते धरून अकरा."

बाईंनी 'दहा' खोडून 'अकरा' लिहिलं. नर्स चहाचे कप घेऊन आली तेव्हा बाई टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होत्या. दादाला जाऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता, आणि तोवर त्या एकदाही रडल्या नव्हत्या.