रिकाम्या खोल्यांचे चाचा

चाचा रिकाम्या खोल्यांना चहाला हाका मारायचे. दारावर बोटाने टकटक करून म्हणायचे, "पिल्ले, चाय!" पुढच्या दारावर, "हमीद, उठ रे!" पिल्ले केव्हाच जेद्दाला भावाकडे गेला होता आणि हमीदही त्याच्या पाठोपाठ पळाला होता. तरी चाचा दारापाशी क्षणभर थांबायचे, आतून हुंकार आल्यासारखी मान हलवायचे आणि पुढे सरकायचे.

जुबैलला कारखान्यांची यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी कालव्यांनी आत आणलेलं आहे. अशाच एका कालव्याकाठी चाचांचं गेस्ट हाऊस होतं. मालक सौदी, पण कारभार सगळा दापोलीकडच्या चाचांचा. लोखंडी खाटा, सामाईक मोरी आणि पगारदाराला परवडेल असं भाडं. परत जाणारं पाणी कोमट असे. थंडीत सकाळी त्यावरून वाफ उठायची आणि खिडक्यांपर्यंत यायची.

मी मिरजेचा, एका कंपनीत ड्राफ्ट्समन. कुवेतचं युद्ध पेटलं तसं गेस्ट हाऊस ओस पडत गेलं. माझा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे मला व्हिसावर आणणाऱ्या सौदी जामीनदाराकडे होता आणि कफील रियाधला. त्यामुळे मी अडकलो. एवढ्या खोल्यांत मी आणि चाचा, दोघंच.

एकदा मी वैतागून म्हणालो, "चाचा, कुणी नाही तिथं. कशाला हाका मारता?"

ते शांतपणे म्हणाले, "खोलीला एकटं राहायची सवय लागली ना, की मग ती माणूस ठेवून घेत नाय."

मी हसलो. पण त्यानंतर त्या बंद दारांवरून जाताना माझी पावलं आपोआप भरभर पडू लागली.

एका संध्याकाळी चहाच्या वेळीच भोंगा वाजला. इराकी क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येण्याची भीती होती, म्हणून कोठीच्या खोलीच्या फटी आम्ही चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. मी आत धावलो. चाचा मात्र दार धरून बाहेरच उभे. "पिल्ले, चलो! हमीद, यल्ला!" मी ओरडलो, "चाचा, दार लावा!" त्यांनी लावलं नाही. दोन माणसं आत यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते थांबले, मग दार लावून ओला टॉवेल उंबऱ्याशी दाबला. खोली लहान होती. लांब कुठेतरी धडाड झालं, तांदळाच्या पोत्यांना पाठ लावून आम्ही बसलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो आहे. डावीकडची जागा मी कुणासाठी तरी सोडली होती. चाचांनी ते पाहिलं.

अखेर कफीलने पासपोर्ट पाठवला. मी निघालो त्या दिवशी कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्यावर आला होता. भर दुपारी सूर्य विझलेल्या निखाऱ्यासारखा दिसत होता आणि बसचे दिवे लावलेले होते. कालव्याच्या कठड्यावर एक पाणपक्षी अंगभर तेल माखून बसला होता. आम्ही अगदी जवळून गेलो तरी उडाला नाही.

"चाचा, चला माझ्याबरोबर. मालक नाही, कुणी नाही."

"घर माझं असतं तर कुलूप लावून आलो असतो रे," ते म्हणाले. "दुसऱ्याचं कसं टाकून येऊ?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जा. घरी गेल्यावर पोटभर जेव."

बस सुटली. मागे वळून पाहिलं, तर त्या काळोखात ते दिसलेच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्याकडून कळलं, की चाचा तापाने गेले, तिथेच दफन झाले. माणसं परतली होती, खोल्या भरल्या होत्या. त्या रात्री मी जेवता जेवता उठलो. बायकोने विचारलं, "कोण लागत होते ते तुमचे?"

मला नातं सांगता येईना. म्हटलं, "जुबैलला आमच्या घरात होते."