माझ्या नावाने आली तरी उघडू नका

आमच्या कारखान्याच्या गेटलगतच्या टाइम ऑफिसात पूर्वी कागद हाताने यायचे. माणूस खिडकीशी उभा राहायचा, प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, मुलाचा दाखला असं काय काय काढायचा. मी झेरॉक्स मारून मूळ कागद परत द्यायची. घडीवर फाटलेले, भिजून वाळलेले, कधी हळदीचं बोट उमटलेले कागद. कोणाच्या घरात काय चाललंय ते त्यातून न विचारता कळायचं. महाडच्या एमआयडीसीत इतकी वर्षं मी हजेरी, रजा आणि माणसं सांभाळली ती अशी.

मग आमच्या एका फिटरच्या मोबाईलवर लाइट बिलाचा मेसेज आला. बिल भरलं नाही, वीज कापू, खालची लिंक दाबा. त्याने दाबली आणि त्याचं खातं साफ झालं. मॅनेजरनी मला बोलावून सांगितलं, कामगारांना जरा समजावा, तुमचं ऐकतात.

ऐकतात हे खरं होतं. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मी उभी राहिले. मला गोड बोलून सांगता येत नाही, ओरडूनच सांगता येतं. म्हटलं, "कुठलीही लिंक उघडायची नाही. ओटीपी बायकोलासुद्धा सांगायचा नाही. हल्ली आवाजाचीही नक्कल करतात, तेव्हा ओळखीचा आवाज आला म्हणून विरघळू नका. आणि माझ्या नावाने आली तरी उघडू नका. मी इथे खिडकीत बसलेली असते, मला लिंक पाठवायची काय गरज पडली आहे?"

सगळे हसले. त्या दिवशी ते शब्दन् शब्द खरं होतं.

पुढच्या बाकावर एक ऑपरेटर मोबाईल उंच धरून माझं बोलणं रेकॉर्ड करत होता. पोलादपूरच्या वर डोंगरात कुडपण, तिथल्या एका वाडीतला. त्याच्या वाडीतले त्याच्या वयाचे झाडून सगळे मुंबईला. हा एकटा इकडे राहिला होता. ठेकेदाराकडे बरीच वर्षं काढल्यावर कंपनीने त्याला नुकतंच प्रोबेशनवर घेतलं होतं. आठवडाभर महाडात खोलीवर राहायचा आणि सुट्टीला वर घरी जायचा. "एकदा कायम झालो की म्हातारीला सांगेन, आता मुंबईचं नाव नको काढूस," हे त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल. घरी म्हातारी आई आणि बायको. मुंबईला गेलेल्या दोन्ही भावांची तोंडं फक्त सणाला दिसायची.

शिमग्याहून परत आला तो खिडकीवर छाती फुगवूनच. "मॅडम, तुमचं भाषण गावकीत लावलं."

गावकी म्हणजे त्यांची वाडीची बैठक. पालखीला मुंबईकरही आलेले असतात, त्यामुळे वर्षाचे सगळे निर्णय तेव्हाच होतात. देवळासमोर बसून सगळ्यांनी माझं रेकॉर्डिंग ऐकलं आणि ठरवलं की आजपासून वाडीत कोणी लिंक उघडायची नाही. उघडेल त्याने देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. रस्ता, पाणी, पालखीचा मान यांच्याबरोबर हाही ठराव झाला.

"मुंबईकर पण हो बोलले. शब्द दिलाय आता," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सरकारी जाहिरातींनी जे होत नाही ते आपल्या एका ओरडण्याने झालं, असं मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

गणपतीला गावी जाताना घाटातल्या ओल्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली. उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसवली आणि डॉक्टरांनी लांबलचक विश्रांती सांगितली. तो वर घरी जाऊन पडला. मी त्याची रजा लावून दिली आणि निश्चिंत झाले.

नेमकी त्याच दरम्यान हेड ऑफिसची नवी पद्धत आली. यापुढे कामगाराची कुठलीही फाइल मेलला जोडून पाठवायची नाही. फाइल द्यायची असली तर लिंक पाठवायची, आणि मागायची असली तरी लिंकच पाठवायची. ज्याला पाठवली त्याच्याच मोबाईलवर ओटीपी येणार, त्याशिवाय ती उघडणार नाही, आणि काही दिवसांनी आपोआप बंद होणार. यात वावगं काही नव्हतं. माणसांच्या आजारपणाचे कागद दहा जणांच्या मेलमधून फिरायचे, एकदा तर एका बाईचा रक्ताचा रिपोर्ट भलत्याच खात्यात गेला होता. ते थांबलं हे चांगलंच झालं. फक्त एक गोष्ट झाली. लिंक निघायची मुंबईच्या यंत्रणेतून, पण पाठवणाऱ्याच्या जागी नाव माझं असायचं.

त्याचं प्रोबेशन संपत आलं होतं. कायम करायचं तर दवाखान्याचे कागद आणि पुढे काम करू शकेल असं डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं होतं. कागद मागणारी लिंक गेली. माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे 'न उघडलेली' असं दिसत राहिलं. यंत्रणेने आठवण पाठवली. ती पण न उघडलेली. पुन्हा एक. तीही तशीच.

सुरुवातीला मला वाटलं, वर रेंज नसेल. फोन लावत राहिले, लागेना. अखेर एकदा लागला.

"दादा, मी टाइम ऑफिसातून बोलतेय. ती लिंक माझीच आहे. उघडा आणि कागदांचे फोटो टाका."

तो म्हणाला, "आवाज बरोबर काढलायस. आमच्या मॅडम अशाच बोलतात."

"अहो दादा, मीच आहे."

"ती हायस तर लिंक कशाला पाठवतेस? मॅडम खिडकीत बसतात आमच्या. चांगल्या बाईचं नाव वापरतेस, लाज नाय वाटत? परत फोन करू नको."

फोन ठेवला. नंतर मी लावला तर लागेचना. त्याने माझा नंबर ब्लॉक करून टाकला होता. मी ऑफिसात एकटीच हसले आणि मग कॅलेंडर बघितलं. प्रोबेशन संपायची तारीख जवळ आली होती.

मुंबईला हेड ऑफिसच्या साहेबांना फोन केला. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, बोलायला अतिशय सभ्य. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन कागद घेऊन येते, तेवढं थांबा. ते म्हणाले, "मॅडम, कागद लिंकवरूनच यायला हवेत. त्यांना तीन वेळा संधी दिली आहे. कंपनीच्या मेलला प्रतिसाद देणं ही त्यांची जबाबदारी नाही का?" डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "प्रतिसाद देऊ नका असं कंपनीनेच सांगितलंय त्यांना, माझ्या तोंडून." ते म्हणाले, "ते फसव्या लिंकबद्दल होतं." खरी कुठली आणि फसवी कुठली हे कुडपणच्या पठारावर बसून कशावरून ओळखायचं, असं विचारून मी फोन ठेवला.

रविवारी मी निघाले. एसटीने पोलादपूर आणि तिथून वर जाणारी जीप. माझं माहेर शिवथरच्या बाजूचं, डोंगर काही मला नवे नाहीत, पण त्या दिवशी प्रत्येक वळणावर मी मोबाईल बघत होते. वळणागणिक रेंज जायची आणि यायची.

अंगणात त्याची आई नाचणीची कणसं झोडत होती. "कुठनं आलीस गो बाय?" तिने विचारलं. मी सांगेपर्यंत तो आतून बाहेर आला, हात गळ्यात अडकवलेला. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"मॅडम! अहो, तुमच्या नावानं किती वेळा आली सांगू! एकदा तर तुमच्या आवाजात बाई बोलली. अशी झापली तिला! एक पण नाय उघडली, इचारा हिला."

बायको दारात उभी राहून हसत होती. "अख्ख्या वाडीला सांगत सुटलेत, ताई. मॅडमच्या नावानं फसवतात, संभाळा म्हणून."

मी ओट्यावर बसले. चहा आला. चहा संपल्यावर मी सरळच सांगितलं की त्या लिंक माझ्याच होत्या, आवाजही माझाच होता. तो हसतच राहिला, मग हळूहळू हसायचा थांबला.

"मग तुमी सांगितलेलं ते?"

"ते तेव्हा बरोबर होतं, दादा. नंतर ऑफिसने पद्धत बदलली."

"ते नाय सांगितलं कोणी," तो म्हणाला. रागाने नाही. कोणी काही सांगायचं राहून गेलं की माणूस म्हणतो तसं.

मी ते सांगितलं नव्हतं, कारण मलाही कोणी सांगायला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना एक सूचना गेली होती. ती लिंकनेच गेली होती.

त्याने तांदळाच्या कणगीमागून पिशवी काढली आणि एक्स-रेसकट सगळे मूळ कागद माझ्या हातात दिले. पावती नाही, काही नाही. देवळामागच्या कातळावर रेंज येते म्हणून आम्ही तिकडे गेलो. त्याच्या मोबाईलवरची शेवटची लिंक मी स्वतः दाबली. गावकीचा ठराव मोडला तो मीच. पडद्यावर आलं, मुदत संपली आहे. आदल्याच दिवशी संपली होती.

"नवी येईल ना?" त्याने विचारलं.

"मागते," मी म्हटलं.

सोमवारी मी नवी लिंक मागितली. त्याला मुंबईची मंजुरी लागत होती. तोवर सगळे कागद स्कॅन करून, नियम मोडून, मेलला जोडून पाठवले. यंत्रणेने ते वाटेतच अडवले आणि मलाच सुरक्षेचा इशारा पाठवला. मॅनेजरना भेटले. ते मुंबईशी बोलले, तुटक बोलले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले की बघू. नव्या लिंकच्या मागणीपुढे दोन आठवडे 'प्रलंबित' होतं, मग 'प्रकरण बंद' असं आलं. मी टेबलावर डोकं टेकून रडले. रागाने रडले, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून.

त्यानंतर एका संध्याकाळी माझ्या पडद्यावर एक ओळ वाढली. त्याला एक पत्र गेलं होतं, निर्णयाचं, माझ्या नावाने. आत काय आहे हे मला दिसत नव्हतं, सुरक्षित होतं ना ते. पुढे लिहिलेलं होतं, न उघडलेली.

मी त्याला फोन करायला हवा होता असं कोणी म्हणेल. मोबाईल हातात घेऊन मी चवदार तळ्याच्या काठाने घरी गेले आणि तसाच तो उशाशी ठेवला. फोनवर काय बोलणार होते? ती मीच आहे, हे परत एकदा पटवून द्यायचं, आणि मग हे सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीत उभा. दाढी केलेली, कंपनीचा शर्ट घातलेला, हाताला फक्त क्रेप बँडेज. डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलं होतं, सर्टिफिकेट खिशात होतं. बायकोने माझ्यासाठी नाचणीचं पीठ दिलं होतं, ते त्याने खिडकीतून आत सरकवलं.

"गेटवर कार्ड चालत नाय बोलतात, मॅडम. बघा जरा." मग एकदम आठवून तो म्हणाला, "काल परत आली हां तुमच्या नावानं. या वेळी पण नाय उघडली मी. बोललो, आता डायरेक्ट मॅडमनाच जाऊन इचारू."

"ती माझीच आहे, दादा."

"नवी लिंक? कागदांची?"

"नाही. पत्र आहे." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "त्यात चांगलं काही नसेल बहुतेक. मी खूप प्रयत्न केला, पण..."

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. "उघडा तर. तुमी हाव ना हितं."

त्याच्या मोबाईलच्या काचेला अपघातात तडे गेले होते, पत्राचं बारीक अक्षर त्यावर वाचता आलं नसतं. म्हणून त्याची मेल मी माझ्या कॉम्प्युटरवर लावली आणि लिंक दाबली. पडद्याने ओटीपी मागितला. त्याच्या हातातला मोबाईल वाजला.

मागे रजेच्या कामाला आलेले दोघे-तिघे उभे होते. त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं, मोबाईल छातीशी धरला आणि खिडकीच्या गजांना तोंड लावून, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बारीक आवाजात एकेक आकडा सांगायला लागला. मी एकेक आकडा दाबत गेले.

शेवटचा आकडा सांगण्याआधी तो थांबला.

"फक्त तुमाला म्हणून सांगतोय हां, मॅडम."